‘धु.’ नावाचा रकाना

सांगलीत, गावभागातल्या कॉलेजात दोन दिवसांचं प्रशिक्षण.
विषय: खुलं विज्ञान.
सतरा ग्रंथपाल, नऊ संशोधक, एक प्रोजेक्टर
आणि चहासोबत भडंग, कागदाच्या पुड्यांत.
मी दाराजवळची खुर्ची धरली.
एकोणीसच्या पुरापासून तळमजल्यावर मी दाराजवळच बसते;
इथलेच प्रबंध आम्ही फावड्यानं बाहेर काढलेत,
प्रत्येकाची एकेकच प्रत होती.
कपाटाची किल्ली तेवढी कोरडी राहिली,
माझ्या पर्समध्ये.

नीलाक्षी मगदूम शिकवत होत्या:
तुमची फाइल उद्या अनोळखी माणसानं उघडली
आणि तुम्ही फोन उचलायला नसलात,
तर त्याला काय कळेल?
मग म्हणाल्या, कुणीतरी आपली खरी फाइल दाखवा.

कुणी हललं नाही.
शेवटी नदाफ उठला, आमच्याच कॉलेजचा, मातीवाला,
क्षारपड जमिनीत सहा वर्षं घातलेला.
पडद्यावर नाव उमटलं: ‘फायनल_नवी_हीच_खरी_३’.
हशा पिकला. तोही हसला, कानापर्यंत लाल.

दुधगाव, कवठेपिरान, कसबे डिग्रज.
चारशे बारा नमुने.
गाव, गट नंबर, खोली, तारीख, सामू, क्षारता,
आणि सातवा रकाना: ‘धु.’
खाली आकडे, एक ते पाच.

हे काय?

‘मॅडम, ते धुळाप्पा ऐवळे. लॅबमध्ये होते.
चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि आकडा सांगायचे.
त्या उन्हाळ्यात यंत्र बिघडलेलं.
दुरुस्त झाल्यावर ताडून पाहिलं, तर…’
पुढं त्याला बोलावं लागलं नाही.
बाईंनी दोन रकाने शेजारी ओढून आलेख काढला होता:
ठिपके शाळेतून सुटलेल्या पोरांसारखे,
थोडे इकडंतिकडं, पण घराकडंच निघालेले.

मग प्रबंधात का नाही हे?
‘गाइड म्हणाले, जीभ हे उपकरण नव्हे.’

जेवणाच्या सुट्टीत फोन लावला, स्पीकरवर.
विचारत होते मी, हातात अर्जाचा कागद.
चव घ्यायच्या आधी काय करायचात?
‘तमाकू थुकायची, चूळ भरायची, मग वाईच गप बसायचं.
जेवल्यावर न्हाय. सकाळीच.’
मी लिहून घेतलं.
एकवीस वर्षं दाखलनोंद केली,
लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत;
चूळ पहिल्यांदाच.

तुमचं नाव घालू का? जगात कुठंही दिसेल.
पलीकडं कोंबडं आरवलं. बराच वेळ तेवढंच.
‘माजं घाला की. पर बाई, गट नंबर नका घालू.
ज्यांच्या रानाला म्या पाच म्हनलो,
त्यांच्यात पोरींची लग्नं ठरायची हायत,
कुनाला रान इकायचं आसंल.
आकडा राहू द्या. नंबर नगं.’

दुसऱ्या दिवसाच्या अठराव्या स्लाइडवर हेच होतं,
इंग्रजीत, आणि इतकं स्पष्ट नव्हतं.
नदाफनं गट नंबर काढले. गावं ठेवली.
मग दुधगावची तीन पुन्हा काढली,
तारखेवरून घर ओळखू येईल म्हणून.
किती झाकायचं यावर आमचं चक्क भांडण झालं;
अजून मिटलेलं नाही.

संध्याकाळी मी अर्ज भरत बसले.
निर्माते: नदाफ, मुबीन. ऐवळे, धुळाप्पा.
उपकरण: जीभ.
उपकरणाचं वय, त्या वेळी: चौपन्न.
परवाना: नाव घेऊन कुणीही वापरावं.
एकक:
हे रिकामं ठेवलं की लाल तारा पेटायचा,
पुढं सरकू देत नव्हता.
शिपाई दिवे मालवत आमच्या खोलीपर्यंत आला होता.

मी टाइप केलं, चिमूट.
यंत्रानं ते घेतलं.